मास्तरांची छडी आणि दादाचं नाक

ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोनला खुर्ची नसते. ज्या जुन्या मंडळींनी ऑर्केस्ट्रा कसा बसवायचा हे ठरवलं, त्यांच्या वेळी हे वाद्य जन्मालाच आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. आता यात वाद्याचा काय दोष? पण उशिरा आलेल्याला कोण जागा देतं!

माझा थोरला भाऊ सॅक्सोफोन वाजवतो. मी फ्रेंच हॉर्न वाजवते, म्हणजे वेटोळं करून ठेवलेली पितळेची लांबलचक नळी, जिच्या तोंडात हात घालून बसावं लागतं. आम्हा दोघांना मामाने एकाच खोलीत, एकाच स्टुलावर आळीपाळीने बसवून शिकवलं. पुढे मला ऑर्केस्ट्रात खुर्ची मिळाली आणि दादाला हॉटेलांतले कोपरे. जॅझवाल्याला कोपरा पुरतो, असं हॉटेलवाल्यांचं मत असतं. त्या कोपऱ्यात त्याच्याबरोबर ड्रमवाला आणि बेसवाला ही जोडगोळी असायची. दोघं इतकी वर्षं एकत्र, की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा.

दादाचं नाव होतं, जाणकार त्याला ऐकायला मुद्दाम यायचे. तरी आमच्या ऑर्केस्ट्राच्या प्रत्येक कार्यक्रमाला तो येऊन प्रेक्षकांत बसायचा आणि संपल्यावर कोट हातावर टाकून म्हणायचा, "छान झालं." ते "छान झालं" मला कधी सहन झालं नाही. बंद दुकानाच्या काचेतून खेळणं बघून पोर "छान आहे" म्हणतं ना, तसं ते असायचं.

एकदा त्याने विचारलं, "ठमे, मध्ये बसल्यावर कसं ऐकू येतं गं? सगळीकडून येतं?"

"मागून ट्रम्पेटवाल्यांची थुंकी येते," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

म्हणून एका लहानशा रेकॉर्ड कंपनीने "तुमचा अल्बम मोठ्या ताफ्याबरोबर करू या" म्हटलं, तेव्हा दादाने ना करार वाचला ना कव्हरवरच्या फोटोचं विचारलं. त्याची एकच अट होती. चौदा वादकांच्या मधोमध त्याची खुर्ची.

ताफ्यासाठी लिहायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. सुरावटी दादाच्या, बाकी कोणी, कधी, काय वाजवायचं ते हा लिहिणार आणि छडी घेऊन समोर उभा राहणार. घरी मी त्याला काहीही म्हणते, पण वादकांत सगळे मास्तर म्हणतात, तेव्हा इथेही मास्तरच. मास्तर म्हणजे काटेकोर माणूस. आमच्याकडे चमचेसुद्धा उंचीप्रमाणे उभे असतात. जेवणाच्या टेबलावर त्यांनी जे कागद पसरले ते हिवाळाभर उचलले नाहीत, आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

दादाने ते सगळं लिखाण पाहिलं, मान डोलावली आणि हळूच विचारलं, "जावईबापू, नाकापेक्षा मोती जड नाही ना होणार?"

"दादा, मोती तुमच्याच नाकासाठी घडवलाय," मास्तर म्हणाले.

तेव्हा नाकाबद्दल कोणाच्या मनात दुसरं काही नव्हतं.

मास्तरांचा सगळा जीव शेवटच्या रचनेत होता. तिच्या ऐन मध्यात सगळे एकदम थांबतात. काहीच नाही. नुसता हॉलमधला घुमारा विरत जातो. आणि मग सगळा ताफा, वर दादाचा सूर घेऊन, एका क्षणात परत येतो. त्या शांततेला मास्तर "खड्डा" म्हणत. खड्डा किती खोल ठेवायचा ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते छडी ठरवणार होती. छडी खाली आली की सगळ्यांनी एकदम खड्ड्याबाहेर.

स्टुडिओ म्हणजे लाकडी जमिनीचा मोठा हॉल, आणि भिंतीपलीकडे यंत्रांच्या खोलीत रेकॉर्डिस्ट. हा गृहस्थ पायमोजे घालून फिरायचा आणि इतरांनाही बूट काढायला लावायचा. त्याने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं होतं, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, आणि माझ्या बांगड्यांकडे अशा नजरेने पाहिलं की मी त्या न सांगता पर्समध्ये टाकल्या. दादाची मधली खुर्ची पाहून तो कळवळलाच.

"सॅक्सोफोनचा आवाज चौदाच्या चौदा माईकमध्ये शिरणार. त्यांना तिकडे बसवू या ना." तिकडे म्हणजे कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये, जिथे एक खुर्ची, एक माईक आणि एक पंखा होता.

"मी मध्ये बसणार," दादा म्हणाला.

"बसा. पण नको तो आवाज आला, तर काचेत."

"नको तो आवाज मी वाजवतच नाही," दादा म्हणाला आणि बसला. माझ्या खुर्चीवरून मला त्याची पाठ दिसत होती. शाळेच्या पहिल्या दिवशी बाकावर बसलेल्या मुलासारखा ताठ बसला होता तो.

पहिली रचना पूर्ण झाली. आम्ही खूश. रेकॉर्डिस्ट दारात येऊन उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "नाक कोण ओढतंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बासरीवाल्या बाईंना जरा पडसं होतं, म्हणून चौदा जणांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी घरून वाफ घेऊन आलेय," त्या म्हणाल्या. "आणि मी ओढलंच तर आवाज करून ओढत नाही." मग रेकॉर्डिस्टने एकेकाच्या माईकपाशी जाऊन प्रत्येकाला श्वास घ्यायला लावला. डॉक्टर तपासतो तसं चाललं होतं. ट्रॉम्बोनवाल्याचं पोट गुरगुरलं, त्याची नोंद झाली, पण गुन्हेगार तो नव्हता.

शेवटी दादाबरोबर ताफ्यात आलेल्या जोडगोळीतला बेसवाला कंटाळून म्हणाला, "अहो, तो दादाचा आवाज. त्याला काय शोधताय?"

"कसला दादाचा?"

"सुरू करायच्या आधी तो करतो की. 'स्सूंक!' त्याच्यावर तर आम्ही येतो."

ड्रमवाल्याने मान हलवली. "ती 'एक' असते आमची. दोन, तीन, चार आपलं आपण मोजायचं."

आणि तेव्हा कळलं, की ही गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत नव्हती. दादा खुर्चीतून अर्धा उठला. "मी? नाक ओढतो?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हॉर्नमधलं पाणी काढायला लागले. मग त्याने वहिनीला फोन लावला, तोही स्पीकरवर, साक्षीदार हवेत म्हणून.

"मी वाजवताना नाक ओढतो का गं?"

पलीकडे वहिनी औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. मागे कुणीतरी खोकत होतं. "म्हणजे काय! लग्न झाल्यापासून ऐकतेय. मला वाटलं, त्या वाद्यात तसंच असतं."

कोणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनी हसू दाबलं. दादा खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांच्या वाजवण्यात आपलं नाकही वाजत होतं, हे या वयात कळणं काही सोपं नाही, आणि मला त्याची फार दया आली.

रेकॉर्डिस्टचं म्हणणं चूक नव्हतं. बाकी ठिकाणी नाक संगीताखाली बुडून जात होतं. पण खड्ड्यात? तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि दादाचं नाक काही टाचणी नव्हतं. मध्ये बसल्यामुळे ते चौदा माईकांत चौदा वेळा उमटत होतं. "ते पुसायला गेलो तर हॉलचा घुमाराही पुसला जाईल," तो म्हणाला. "काचेत बसले तर प्रश्नच नाही."

"मी नाही ओढणार," दादा म्हणाला. "माणूस आहे मी. सवय मोडू शकतो."

सवय मोडायचा कार्यक्रम सुरू झाला. वहिनी जेवणाच्या सुट्टीत नाकात घालायचे थेंब घेऊन आली. थेंबांनी नाक मोकळं झालं आणि आवाज दुप्पट झाला. मग कोणीतरी वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा आणला. "नाक दाबलं की तोंड उघडतं," वहिनी म्हणाली, आणि तसंच झालं. दादाने तोंड उघडून असा श्वास घेतला की रेकॉर्डिस्टने हेडफोन फेकले. शेवटी दादाने मनाचा निग्रह करून, चिमट्याशिवाय, एकदाचं नाक आवरलं. तर जोडगोळी आलीच नाही. ड्रमवाला काड्या उगारून बसलेला, बेसवाल्याचं बोट तारेवर, आणि दोघं दादाकडे बघतायत.

"या की!" मास्तर ओरडले.

"कशावर येऊ?" ड्रमवाल्याने विचारलं.

"छडीवर! छडी दिसत नाही?"

"दिसते. पण ती आपली नाही."

त्यावरून ठिणगी पडली. मास्तर छडी लवकर खाली आणत. दादाचा श्वास किंचित मागून यायचा. त्या दोघांच्या मध्ये चौदा माणसं फरफटत होती. काही छडीवर यायची, काही नाकावर, आणि खड्ड्यातून बाहेर पडताना आम्ही पायऱ्यांवरून भांडी गडगडावीत तसे यायचो. माझी पंचाईत तर विचारूच नका. समोर नवऱ्याचा हात, मध्ये भावाचं नाक. नाकावर आले तर घरी जेवण गार, छडीवर आले तर माहेर तुटणार. मी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी घाबरत घाबरत फुंकायचे आणि दोघांच्याही शिव्या खायचे.

संध्याकाळी घरी मास्तरांनी विषय काढला. "उद्याचाच दिवस आहे. दादांना काचेत बसवू या. काय फरक पडतो? आवाज उलट स्वच्छ येईल."

"तुला माहितेय काय फरक पडतो."

"अगं, मी हिवाळाभर हे कोणासाठी लिहिलं? प्रत्येक सूर असा बसवलाय की त्यांचा सूर वर उचलला जावा. तो खड्डा त्यांच्यासाठी आहे! आणि त्यात ते नाक ओढतात!"

"त्याला ते कळत नाही रे."

"मला कळतं ना!" मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चिरकला की मला त्यांचाही राग धरता येईना. आम्ही दोघं ताटं घेऊन सोफ्यावर बसलो. टेबल रिकामं होतं, तरी सवयीने सोफ्यावरच बसलो.

दुसऱ्या दिवशी शेवटची रचना तेवढी उरली होती. सकाळभर आम्ही ती वाजवली, आणि प्रत्येक वेळी खड्ड्यापाशी गाडी अडली. रेकॉर्डिस्ट दारात येऊन नुसता उभा राहिला. मग दादा आपण होऊन उठला. त्याने सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, कागद काखेत घेतले आणि म्हणाला, "जाऊ दे. तिकडेच बसतो. तिकडे पंखा पण आहे."

तो काचेत जाऊन बसला. आमच्या कानांत हेडफोन आले. रेकॉर्डिस्टने अशी सोय केली होती, की सॅक्सोफोन वाजल्याशिवाय दादाचा माईक उघडणारच नाही. मी काचेकडे पाहिलं. दादाने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. प्रेक्षकांतून करायचा तसाच. मला इतकं वाईट वाटलं, की ओठ हॉर्नला लागेनात.

रचना सुरू झाली. जोडगोळीनेही मुकाट्याने छडीवर सुरुवात केली. सगळं सुरळीत, इस्त्री केल्यासारखं. खड्डा आला. सगळे थांबले. घुमारा विरला. काय शांतता होती! मास्तरांच्या चेहऱ्यावर हिवाळाभराचं समाधान पसरलं. छडी वर गेली. छडी खाली आली.

आणि कोणीच आलं नाही.

एकही जण नाही. दादाचा सूर तेवढा हेडफोनमध्ये एकटाच आला आणि दचकून थांबला. चौदा माणसं वाद्यं तोंडाला लावून, गज तारांवर टेकवून, छडीकडे टक लावून बसलेली, आणि हॉलमध्ये सगळं चिडीचूप. मास्तरांना वाटलं आम्ही बंड केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आयुष्यात केलेली सगळी पापं आठवून घेतली. "हा काय चावटपणा आहे?"

"चावटपणा नाही, मास्तर," बासरीवाल्या बाई हळूच म्हणाल्या. त्या लाजल्या होत्या. "मी वाट बघत होते."

"कसली?"

बाईंनी रुमाल नाकाला लावला. "त्यांच्या... त्याची."

मग एकेकाने कबूल केलं. ट्रॉम्बोनवाला, व्हायोलिनवाल्या दोघी, आणि मीही. कालपासून आम्ही छडीकडे बघत होतो हे खरं, पण ऐकत होतो नाक. कधी लागली ही सवय, कोणाला पत्ता नाही. जोडगोळी मात्र कोपऱ्यात अशी हसत होती, जणू त्यांच्या घरी पोर झालंय.

मास्तर काही वेळ छडीची टोकं चाचपत उभे राहिले. काटेकोर माणसाला हरताना बघवत नाही. मग त्यांनी छडी स्टँडवर ठेवली, तरातरा केबिनपाशी गेले आणि दार उघडलं.

"दादा, बाहेर या."

"नको. इथे ठीक आहे. तुमचं काम बिघडतं माझ्यामुळे."

"तुमच्यावाचून बिघडतंय," मास्तर म्हणाले. "चला, खुर्ची थंड झाली."

रेकॉर्डिस्टने हातांनी डोकं धरलं. "नाक येणार त्यात! स्पष्ट येणार! लोक मला हसतील!"

"नाव तुमचं, नाक आमचं," मास्तरांनी सांगितलं. "तसं छापू हवं तर."

दादा येऊन मध्ये बसला. मास्तर समोर उभे राहिले आणि त्या वेळी मी एक गोष्ट पाहिली, जी मी आमच्या संसारात कधी पाहिली नव्हती. खड्डा आला तेव्हा मास्तरांनी छडी उगारली आणि थांबले. दादाकडे बघत थांबले. दादाचे डोळे मिटलेले. शांतता लांबली, आणखी लांबली, नको इतकी लांबली, आणि मग: स्सूंक! छडी खाली आली, आणि आम्ही सगळेच्या सगळे एका पावलाने बाहेर पडलो. तो सूर असा भरून आला, की माझ्या पायांखालची लाकडी जमीन हलली. मी वाजवता वाजवता रडत होते, आणि हॉर्न वाजवताना रडणं फार गैरसोयीचं असतं.

संपल्यावर सगळे वाद्यं पुसून पेट्यांत ठेवू लागले. दादा उठलाच नाही. रेकॉर्डिस्टने आजूबाजूच्या खुर्च्या उचलल्या तरी तो मध्ये बसून होता.

पुढे एक दिवस रेकॉर्डिस्ट तयार अल्बम घेऊन स्वतः दादाच्या घरी आला. वहिनीने आम्हालाही बोलावलं होतं. चहा झाला. गृहस्थाचे डोळे जागरणाने लाल आणि चेहरा अभिमानाने फुललेला. "एकही नाक नाही!" तो म्हणाला. "सगळी काढली. खड्ड्यातलं तर केसातून कोंडा काढावा तसं काढलंय. घुमाऱ्याला धक्का नाही. शक्य नव्हतं, पण केलं."

आता एवढ्या कष्टाला काय म्हणणार? आम्ही ऐकायला बसलो. फार सुंदर झालं होतं, खोटं कशाला बोलू. स्वच्छ, झळझळीत. दादा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. पहिली रचना संपली तेव्हा तो म्हणाला, "छान झालं."

तोच आवाज होता, कोट हातावर टाकलेला. त्याला त्याच्याच अल्बममधून उठवून प्रेक्षकांत बसवलं होतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते कपात बघत चमचा फिरवत होते.

शेवटची रचना आली. खड्डा आला. सगळं थांबलं, घुमारा विरला, आणि त्या निर्मळ शांततेत माझ्या शेजारून मोठ्याने आवाज झाला: स्सूंक!

सूर बरोबर त्याच्यावर आला.

आम्ही सगळे मास्तरांकडे वळलो. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि हातातला चमचा छडीसारखा खाली आलेला होता. त्यांनी डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि चमचा बशीत ठेवला. "सर्दी झालीय जरा," ते म्हणाले.

वहिनी सवयीने थेंबांची बाटली आणायला उठली. दादा आधी नुसता बघत राहिला, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

रेकॉर्डिस्टने सुस्कारा टाकला. "परत घालू?"

"घाला," मास्तर म्हणाले. "आहेत का अजून?"

"टाकून देतो की काय! एकेक जपून ठेवलंय."

नाक परत घातलेला अल्बम दादाने पहिल्यांदा ऐकला तो आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून. खड्डा आला, त्याचा तो आवाज आला, आणि चारी बाजूंनी ताफा आला. त्याने ती जागा परत लावली, पुन्हा ऐकली आणि माझ्याकडे वळला.

"हं," तो म्हणाला. "असंच येत होतं, ठमे. सगळीकडून."